रिपोर्टमधली गाठ आणि पत्रातली एक ओळ

डॉक्टरताई, नमस्कार.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. सव्वा वर्षापूर्वी तिला पहिली पाळी आली, पण तेव्हापासून ती एकदाही वेळेवर आलेली नाही. कधी ४० दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, एकदा तर ७० दिवस उलटले. शेवटी सोनोग्राफी केली. दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक गाठी आहेत आणि उजवीकडे अडीच सेंटीमीटरची पाण्याची एक साधी गाठ आहे, असा रिपोर्ट आला. खाली ‘पीसीओडी’ लिहिलंय. पाळी नियमित व्हावी म्हणून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण त्या अजून सुरू केल्या नाहीत. नणंद म्हणते, या गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही. जाऊबाई म्हणतात, गाठ काढूनच टाका. मुलीला मुरुमं आली आहेत, वजनही थोडं वाढलंय, म्हणून दोन महिन्यांपासून तिचं रात्रीचं जेवण बंद केलंय. पाळी आली की नऊ-दहा दिवस जाते, रात्री उठून पॅड बदलावं लागतं, पण आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं. माझीही पिशवी ३६ व्या वर्षी त्यामुळेच काढली. मुलगी हल्ली अभ्यासाला बसत नाही, सारखी झोपते, चिडते. परवा मी बहिणीशी फोनवर बोलत होते ते तिनं ऐकलं आणि रात्री मला विचारलं, “आई, मला कधीच बाळ होणार नाही का?” मला उत्तर देता आलं नाही. तिला पुढे मूल होईल ना? ही गाठ कॅन्सरची तर नसेल?

– एक आई

ताई, तुमचे शेवटचे दोन प्रश्न आधी घेते, कारण आता ते तुमच्या एकटीचे राहिलेले नाहीत, तुमच्या लेकीच्याही उशाशी जाऊन बसलेत. तिला मूल होणार नाही असं म्हणावं, असं एकही कारण तुमच्या पत्रात मला सापडलं नाही. आणि अडीच सेंटीमीटरची, आत नुसतं पाणी असलेली गाठ या वयात कॅन्सरची म्हणून घाबरण्यासारखी नसते. हे तिला आज रात्रीच सांगा. का, ते मी पुढे सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मीही सोनोग्राफीच्याच मागे गेले. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या एका ओळीवर थबकले. ‘पाळी आली की नऊ-दहा दिवस जाते, रात्री उठून पॅड बदलावं लागतं, पण आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं.’ तुम्ही ही ओळ जाता जाता लिहिलीत आणि त्यातल्या ‘पण’नं ती तुमची तुम्हीच पुसून टाकलीत. मला विचाराल तर सबंध पत्रात तातडीची गोष्ट तेवढी एकच आहे. पीसीओडीचं काय ते ठरवायला आपल्याकडे वेळ आहे. रक्त किती जातंय, ते मात्र याच आठवड्यात बघायला हवं.

पाळी किती दिवसांनी आली याकडे घरात सगळ्यांचं लक्ष असतं. आल्यावर किती गेली, हे कुणी विचारत नाही. उलट बरेच दिवस लांबलेली पाळी भरपूर गेली की ‘साचलेलं निघून गेलं, बरं झालं’ असंच वाटतं. वाईट रक्त म्हणून काही साचलेलं नसतं हो. जातं ते तिचं चांगलं रक्त, आणि त्याच्याबरोबर जातं ते अंगातलं लोह. मी शिकत होते तेव्हा आम्हीसुद्धा पाळीचा इतिहास ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’ एवढ्या एका शब्दात उरकायचो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की मुलीची नाडी, रक्तदाब बघता तशीच तिची पाळी बघा, आरोग्याची खूण म्हणून. यात दोन पाळ्यांमधलं अंतरही आलं आणि रक्तस्रावही.

मग जास्त म्हणजे किती? या वयात पाळी सात दिवसांपर्यंत जाणं आणि दिवसाला तीन ते सहा पॅड लागणं हे ठीक. सात दिवसांच्या वर जाणं, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं, झोपेतून उठून बदलावं लागणं, अंथरूण किंवा शाळेचे कपडे खराब होणं, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या पडणं, यातलं काहीही वारंवार होत असेल तर ते जास्त. तुमच्या लेकीच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी तर तुम्हीच लिहिल्या आहेत. बाकीच्या तिला विचारा, पण एकटीला गाठून, शांतपणे. तिच्याकडे तुलना करायला दुसरं काही नाही. तिला वाटत असणार, पाळी अशीच असते.

डॉक्टरांकडे गेल्यावर रक्ताची साधी तपासणी तर होईलच, तिच्याबरोबर फेरिटिनही मागा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. पण शरीर आधी साठवणीतलं लोह संपवतं आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. फेरिटिन ही त्या साठवणीची मोजणी. हिमोग्लोबिन बरं दिसतंय म्हणून घरी पाठवलेल्या, पण फेरिटिन तळाला गेलेल्या मुली मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्यांना थकवा असतो, लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात आळशी झाली, अभ्यास टाळते, मोबाइलमुळे झोप होत नाही. तुमची मुलगी ‘सारखी झोपते, चिडते’ असं तुम्ही लिहिलंय. त्यात तिच्या मनावरचं ओझंही असेलच. तरी फेरिटिनचा आकडा हातात येईपर्यंत तिला आळशी म्हणू नका, एवढी विनंती.

आता ‘आमच्याकडे सगळ्यांनाच’ याविषयी. हे वाक्य डॉक्टरांसमोर जसंच्या तसं म्हणा, आणि तुमची पिशवी ३६ व्या वर्षी का काढली तेही. बाळंतपणात तुम्हाला फार रक्तस्राव झाला होता का, तुमच्या आईला, बहिणींना काय त्रास होता, दात काढल्यावर कुणाचं रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं का, हे आठवून ठेवा. मुलीला विचारा: नाकातून रक्त येतं का, दहा मिनिटं दाबूनही थांबत नाही असं होतं का, ब्रश करताना हिरड्यांतून येतं का, कुठे आपटल्याचं आठवत नसताना अंगावर काळे-निळे डाग उठतात का. मी हे विचारते कारण रक्त गोठण्यातला जन्मजात दोष घरातल्या बायकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असू शकतो आणि ‘आपल्याकडे असंच’ या दोन शब्दांखाली झाकला जातो. पाळीत फार रक्त जातं म्हणून तपासायला येणाऱ्या मुलींमध्ये सुमारे पाचांत एकीला असा दोष सापडू शकतो.

त्यातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजाराला ज्यांचं नाव आहे, ते एरिक फॉन विलेब्रांड फिनलंडचे डॉक्टर. बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ मध्ये त्यांच्याकडे आली. तिच्या घरात अनेकांना रक्तस्रावाचा त्रास होता. त्या कुटुंबाचा अभ्यास करून त्यांनी १९२६ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला. ती मुलगी पुढे १३ व्या वर्षी गेली, तिच्या चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावानं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तेव्हा तिच्यासाठी औषध नव्हतं, आज आहे. पण दरवेळी कुणी ‘आमच्याकडे सगळ्यांनाच’ म्हटलं की मला ते घर आठवतं. हा दोष आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतो आणि मुलांनाही होतो. मुलींमध्ये तो लवकर लक्षात येतो, कारण त्यांच्या शरीराची दर महिन्याला परीक्षा होते. त्यासाठी वेगळी रक्त तपासणी असते. ताण, ताप किंवा हार्मोनच्या गोळ्या यांमुळे तिचा आकडा कधीकधी खोटा चांगला येतो, म्हणून ती पुन्हा करावी लागू शकते. तुम्ही गोळ्या अजून सुरू केल्या नाहीत, ते या कामी सोयीचंच झालं. आधी रक्त द्या. मात्र त्यासाठी फार दिवस घालवू नका. मधल्या काळात तिला ॲस्पिरिन मुळीच देऊ नका आणि दुखण्यासाठीची बाकीची गोळीही डॉक्टरांना विचारूनच द्या.

पुढच्या पाळीत दोन तास लागोपाठ दर तासाला पॅड भिजलं, किंवा तिला चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गार पडले, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं औषध आहे. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं. बाळंतिणींचे जीव वाचावेत ही त्या बाईंची तळमळ होती. ते पाळीच्या चार-पाच दिवसांपुरतंच घ्यायचं असतं आणि ते हार्मोन नाही. डॉक्टर ते देतील, हार्मोनच्या गोळ्या देतील किंवा दोन्हीचा विचार करतील. लोहाच्या गोळ्या लागल्या तर हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या, म्हणजे साठवण भरते. बहुतेक जण पहिल्या महिन्यातच थांबवतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात.

आता तुमचा रिपोर्ट.

‘गाठ’ या शब्दानं आपल्या भाषेत फार गोंधळ केलाय, ताई. पाळीत पडणारी रक्ताची गुठळी म्हणजे गाठ, काखेतली सूज म्हणजे गाठ, कॅन्सरची तीही गाठ, आणि अंडाशयातला पाण्याचा इवलासा कोश, त्यालाही गाठच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात यातली सगळ्यात भयंकर तेवढी राहते. त्या ‘बारीक बारीक गाठी’ म्हणजे खरं तर अंडं सांभाळणारे कोश आहेत, दोन ते नऊ मिलिमीटरचे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख अंडी असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पाळी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत हे कोश भराभर वाढत-विरत असतात, त्यामुळे निरोगी मुलीच्या सोनोग्राफीतही ते भरपूर दिसतात. तिथे अंडी आहेत, एवढंच तो रिपोर्ट सांगतोय.

म्हणूनच पीसीओएसच्या (पीसीओडीलाच आता डॉक्टर असं म्हणतात) २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलंय, की पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. एएमएच नावाच्या रक्त तपासणीवरूनही करू नये. तुमच्या मुलीची त्यातली सव्वा वर्षं झाली आहेत. सोनोग्राफी करण्यात चूक झाली असं मी म्हणत नाही, दुसरं काही नाही ना हे बघायला ती उपयोगी असते. पण तिच्याखाली लिहिलेला तो चार अक्षरी शब्द या वयात त्या चित्रावरून लिहायचा नसतो. मुळात हे नाव पडलं तेच अंडाशयाच्या दिसण्यावरून. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन केलं, त्यांची अंडाशयं मोठी आणि कोशांनी भरलेली होती. पुढे कळत गेलं की हा प्रश्न सगळ्या शरीरातल्या हार्मोनचा आणि इन्सुलिनचा आहे. नाव मात्र अंडाशयालाच चिकटून राहिलं, आणि आपण अजून तिथेच बघतोय.

ती उजवीकडची अडीच सेंटीमीटरची गाठ? महिन्याला एक कोश वाढत वाढत दोन-अडीच सेंटीमीटरचा होतो, फुटतो आणि अंडं बाहेर पडतं. कधी तो फुटत नाही, तसाच काही आठवडे राहतो आणि विरून जातो. सोनोग्राफी ज्या दिवशी झाली त्या दिवशी तो तिथे होता, इतकंच. डॉक्टरांना वाटलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतील. जाऊबाईंना सांगा, काढायचं काही नाही. या वयात ऑपरेशनची गरज लागणाऱ्या गाठी वेगळ्या असतात: मोठ्या, वाढत जाणाऱ्या किंवा आत पाण्याशिवाय आणखी काही असलेल्या. त्यातही डर्मॉइड नावाची, केस आणि चरबी असलेली गाठ बहुतेक वेळा साधीच निघते आणि अंडाशय राखून काढता येते.

मग पीसीओएस कशावरून ठरवायचं? मुलींमध्ये दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, पाळीतली अनियमितता. दोन, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण. पहिल्या वर्षात पाळी कशीही आली तरी ते घडी बसण्याचं वर्ष, फक्त दोन पाळ्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दाखवायचं. पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवस चालतात. तीन वर्षं झाल्यावर मात्र २१ ते ३५. मेंदूतून निघणारे संदेश आणि अंडाशय यांचा ताल जमायला एवढा वेळ लागतोच. तो जमेपर्यंत दर महिन्याला अंडं बाहेर पडत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम ढासळतं. उशिरा आलेली पाळी जास्त दिवस जाते ती बऱ्याचदा यामुळेच. तुमच्या मुलीचं दुसरं वर्ष चालू आहे. ४० दिवस ठीक आहेत, ६० आणि ७० जास्त आहेत. म्हणून ‘वयात होतं असं’ म्हणून मीही ते सोडून देणार नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन (हाच तो पुरुषी हार्मोन) या तपासण्या करून घ्या, त्याही गोळ्या सुरू करायच्या आधी, कारण गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट मुरुमांची. १४ व्या वर्षी कपाळावर-गालांवर मुरुमं येतातच. मोठी, दुखरी, पाठीवर-छातीवर पसरलेली आणि औषधाला दाद न देणारी असतील तर ती मोजायची. हनुवटीवर, वरच्या ओठावर, छातीवर, पोटावर जाड काळे केस येताहेत का, ते बघा. बघा म्हणजे तिच्या परवानगीनं, चारजणींसमोर नव्हे. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा आहे का, तेही. आया तो मळ समजून मुलीची मान घासून घासून लाल करतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि घासून जात नाही. यातलं काही नसेल, टेस्टोस्टेरॉनही ठीक असेल, तर आज तिला पीसीओएस आहे असं म्हणता येत नाही. ‘होऊ शकतो, लक्ष ठेवू’ असं म्हणायचं आणि दरवर्षी पुन्हा बघायचं. पुढे तो ठरलाच, तरी पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मुलं होतात. काहींना अंडं बाहेर पडण्यासाठी औषध लागतं, ते मिळतं आणि चांगलं लागू पडतं. नणंदेची भीती कुठून आली ते मला समजतं, पण हार्मोनच्या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. त्या थांबवल्या की अंडाशय आपल्या कामाला लागतं. त्या ‘पाळी नियमित करतात’ म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही. गोळ्यांचं पाकीट संपल्यावर येते ती पाळी गोळीची असते. रक्तस्राव आटोक्यात आणणं, अस्तर फार जाड होऊ न देणं, मुरुमं-केस कमी करणं, यासाठी त्यांचा खरा उपयोग. तुमच्या मुलीला त्या लागतील असं मला वाटतंच, पण रक्तस्रावासाठी. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठते का आणि घरात कुणाच्या पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, हे मात्र आधी सांगा.

रात्रीचं जेवण आजपासून पुन्हा सुरू करा. हे मी ठासून सांगते आहे. शरीराला लागतं त्यापेक्षा कमी मिळालं की मेंदू सगळ्यात आधी पाळीचं काम थांबवतो. खूप खेळणाऱ्या, नृत्य करणाऱ्या, उपाशी राहून बारीक होणाऱ्या मुलींची पाळी अशीच महिनोन्‌महिने बंद पडते आणि त्यांची हाडं ठिसूळ होऊ लागतात. हाडं भक्कम होण्याची हीच वर्षं आहेत, ती पुन्हा मिळत नाहीत. त्यात तुमच्या मुलीच्या अंगातून रक्त जातंय. वजन खरंच जास्त असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून खाणं सुधारावं, चालावं, खेळावं, पुरेसं झोपावं. एकटीचं ताट उचलून घेतलं की ती शिक्षा होते. आणि उपाशी ठेवलेली मुलगी चोरून खायला शिकते, हेही मी पाहिलंय.

या सदरात दुखण्याबद्दलही खूप पत्रं येतात, म्हणून इतरांसाठी थोडं लिहिते. पाळीत पोट दुखतं ते गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ती तयार होणंच कमी करतात, म्हणून त्या दुखणं सुरू होताच, खाऊन, पहिले दोन-तीन दिवस ठरल्या वेळी घ्यायच्या असतात. असह्य होईपर्यंत थांबून मग एक घेतली तर गोळीला दोष देऊन उपयोग नाही. दुखलेला भाग शेकल्यानंही खरंच बरं वाटतं. नीट गोळ्या घेऊनही तीन महिन्यांत फरक नसेल, शाळा बुडतच असेल, तर एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. त्यात सोनोग्राफी पुष्कळदा अगदी चांगली येते. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून मुलगी नाटक करतेय असं ठरवू नका. पहिली पाळीच आली नाही पण दर महिन्याला पोटात दुखतं, लघवी तुंबते, तर बाहेर यायची वाट बंद असू शकते, ती छोट्या शस्त्रक्रियेनं मोकळी होते. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी आली नाही, तर दाखवायचं. आणि कोणत्याही मुलीला एका बाजूला अचानक, मरणाचं दुखलं आणि उलट्या झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा एकेक तास मोलाचा. काळंनिळं पडलेलं अंडाशयही पीळ सोडवल्यावर पुष्कळदा वाचतं, म्हणून ‘काढू नका, जमलं तर वाचवा’ असं आवर्जून सांगा.

तपासायला नेताना एक भीती तिच्या मनात असेल: आतून तपासणी. ती या वयात सहसा लागत नाही. सोनोग्राफी पोटावरूनच होते. डॉक्टरांनी तिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलायचं म्हटलं तर बाहेर जा, मनाला लावून घेऊ नका. गर्भधारणेची चाचणीही करून घेतात कधी. पाळी लांबलेल्या प्रत्येकीची ती करण्याची पद्धत आहे, तिच्यावरचा तो संशय नव्हे.

यापुढचं तिच्यासाठी आहे. तिला वाचायला द्या.

बाळ, तू आईला विचारलंस ते माझ्यापर्यंत पोचलं. तुझ्या अंडाशयांत लाखो अंडी आहेत आणि रिपोर्टमध्ये ज्यांना गाठी म्हटलंय, ते त्या अंड्यांचे कोश आहेत. पुढे तुला बाळ हवं की नको हे तू मोठी झाल्यावर ठरवशील. होणार नाही असं आज कुणीही सांगू शकत नाही, मावशी-आत्यासुद्धा नाही आणि मशीनही नाही. आत्ता आपल्याला एवढंच बघायचंय की तुझं रक्त फार जातंय का, आणि त्यामुळे तू थकतेस का. ते बरं करता येतं.

एक वही कर, किंवा फोनमध्ये लिही. पाळी कुठल्या तारखेला सुरू झाली, कधी थांबली, रोज किती पॅड लागले, किती पूर्ण भिजले, रात्री उठावं लागलं का, शाळा बुडली का. दोन-तीन ओळी पुरतील. ती वही तुझी, डॉक्टरांना तूच दाखवायची आणि त्यांनी विचारलं की तूच बोलायचं. आई शेजारी असेलच. लाज वाटली तर वहीच पुढे कर, त्यांना समजेल. कपड्यांना डाग पडला तर त्यात तुझी काही चूक नाही. शाळेत ज्यांच्याशी बोलता येईल अशा एका बाईंना सांगून ठेव, की तास चालू असतानाही तुला मध्येच उठून जावं लागेल.

रक्त तपासायला देशील त्या दिवशी सुई टोचेल, थोडं दुखेल. रिपोर्ट आले की आकडे मला लिहून पाठव, आईनं नव्हे, तू. आणि आज रात्री पोटभर जेवून झोप.